दोरीचे शिपाई

बुधाजी रोज सकाळी कापसाच्या जिनिंगला निघण्याआधी फळीवरच्या प्रत्येक लाकडी शिपायाची दोरी एकदा ओढत. ओढली की तलवारीचा हात वर जाई, सोडली की खाली पडे. चार दिवस हलवली नाही तर दोरी ताठरते आणि हात अर्ध्यावर अडकतो, असे त्यांचे म्हणणे. मग भाकर बांधून घेत आणि सायकलवर वलगावाहून अमरावतीचा रस्ता धरत.

लहानपणी ते वडिलांबरोबर बहिरमच्या जत्रेला जात. खेळण्यांच्या दुकानापुढे महारवाड्यातल्या पोरांना उभे राहू देत नसत. त्यांनी हात लावलेले खेळणे मग कोण घेणार? पण जत्रा उठली की रिकाम्या मैदानात मोडके शिपाई पडलेले असत. हात तुटलेला पठाण, मुंडके गेलेला पहिलवान. ते कोणाचेच नसत. बुधाजींनी ते वेचले. बांबूची खुंटी, अंबाडीची दोरी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा नवा हात. धड, न मोडलेला शिपाई त्यांनी जन्मात विकत घेतला नाही. हाती मजुरी येऊ लागली तोवर ते घडवणारा म्हातारा वारला होता आणि दुकानांत पत्र्याच्या मोटारी आल्या होत्या. मग ते अकोल्याच्या जुन्या बाजारात, तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजारात भंगाराचे ढीग उपसत राहिले. एखादा सापडला की त्याचा वास घेत. विझलेल्या चुलींचा, जत्रेच्या मैदानातल्या पहाटेचा वास त्याला अजून आहे, असे म्हणत. जिनिंगमधला पुंजाराम सांगे, "याले चाळिशी आली, पण दुधाचे दात काही पडून नाही राहिले."

लग्नानंतर बारा वर्षांनी बुधाजी आणि भागीरथाबाईंना मुलगी झाली. शकुन. तिला फळीवरचा एकच हवा असे, शेपूट आणि गदा असलेला मारुती. ती त्याला वांदर म्हणे. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात ती गोवराने गेली, तेव्हा तो तिच्या हातातच होता. तिला मातीत ठेवताना बुधाजींनी तो हातातून सोडवून घेतला. भागीरथाबाई म्हणाल्या होत्या, राहू द्या. त्यांनी ऐकले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. देव मानणार नाही, पुजणार नाही, ही शपथ बुधाजींनी मनापासून घेतली होती. परतल्यावर देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतः नदीत सोडले आणि त्या दिवशी सणासारखे जेवले.

वस्तीत कोणी घरात देव लपवले आहेत का, हे पाहायला काही तरुण घरोघर फिरत. पुढे जानराव मास्तर. शाळेत चौथीपर्यंत दाराबाहेर बसून शिकलेला माणूस. त्यांनी फळीकडे पाहिले.

"काका, याले शेपूट हाये."

"वांदर हाये. खेळणं."

"मंग वांदराच्या हातात गदा कायले?"

"माकडाचं काय मास्तर, सापडलं ते उचलते."

सगळे हसले, जानरावही. पण निघताना त्यांनी आवाज खाली आणला. "काका, तुमी वडील माणूस. तुमच्या घरात दिसलं तर लोक आपले देव कायले काढतीन?"

बुधाजींना ते पटले. त्या रविवारी त्यांनी कानस घेतली. शेपूट घासून टाकले, मुकुट तासून फेटा केला, गदा चपटी करून हातोडा केला. आता तो मारुती जिनिंगचा मजूर दिसत होता. बाकीच्यांत ज्यांना मुकुट होते त्यांचेही गेले. सगळे फळीवर राहिले.

एक गोष्ट मात्र कानशीने जाणारी नव्हती. शकुन गेल्यापासून रोज, नवरा कामावर गेल्यावर, भागीरथाबाई त्या मारुतीच्या कपाळाला कुंकू लावत. संध्याकाळी बुधाजी ओल्या अंगठ्याने ते पुसत. दोघांनी याबद्दल एकमेकांपाशी कधी चकार शब्द काढला नाही. दुःख आहे, ओसरेल, असे बुधाजींनी धरले. दीक्षेनंतरही कुंकू थांबले नाही.

कार्तिकात जानराव पुन्हा आले. बुधाजी कामावरून परतले तर घरात माणसे, दारात शेजारच्या दुर्गाबाई आणि चार बाया. भागीरथाबाई चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. हातोडेवाला जानरावांच्या हातात होता.

"हे कुंकू कोणं लावलं?"

वस्तीच्या नियमाने जिने लावले तिला साऱ्या वस्तीपुढे उभे राहून माफी मागावी लागणार होती. मूल जाऊन सहा महिने झाले होते.

"म्या लावलं," बुधाजी म्हणाले.

"तुमी?"

"सवय गेली नाही."

जानरावांनी हातोडेवाला त्यांच्या हातात ठेवला. "मंग सारेच नदीवर न्या, काका. यातलं खेळणं कोणतं अन् देव कोणता, हे आता कोण सांगन?"



दुसऱ्या दिवशी धोतरात बांधून त्यांनी शिपाई पेढी नदीच्या डोहावर नेले. वस्ती काठावर उभी होती. पाण्यात सोडले तर एकही बुडेना. पांगाऱ्याचे लाकूड ते. प्रवाहात सगळ्यांचे हात हलत होते. कोणीतरी हसले. बुधाजी कमरेइतक्या पाण्यात उतरले, एकेकाला धरून आणले, आणि ज्या दोरीने हात हलायचा तीच सोडून तिने प्रत्येकाच्या गळ्यात दगड बांधला. गाठी मारायला दुपार झाली. जानराव मदतीला पाण्यात आले, तेव्हा बुधाजींनी मान हलवून त्यांना मागे पाठवले.

विहार बांधायला ठरवलेल्या जागेवर हात जोडून त्यांनी माफी मागितली. त्यानंतर लोक पाठीमागे त्यांना कुंकवाचा बुधाजी म्हणत. दुर्गाबाई तर भागीरथाबाईंनाच म्हणाल्या, "तुया माणसानं नाक कापलं माय आपलं." भागीरथाबाईंनी ऐकून घेतले. कुंकू त्यांनी पुन्हा लावले नाही, आणि खरे काय तेही सांगितले नाही. बुधाजींनी मोडके खेळणे पुन्हा हातात धरले नाही.

सरकीची धूळ छातीत बसून त्रेसष्टच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दुपारी भागीरथाबाई ताट घेऊन उशाशी बसल्या होत्या, पण जेवत नव्हत्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरात मास्तर आले होते. मले तवाच बोलाचं होतं. ते कुंकू..."

बुधाजींनी डोळे उघडले. त्यांच्याकडे नव्हे, ताटाकडे पाहिले.

"भाकर वाळून राहिली तुई," ते म्हणाले. "जेवून घे."