बॅकअप हाय ना?

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात हौसेनं एकच वस्तू घेतली आणि तीही दुसऱ्यानं वापरून टाकलेली. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला काळा, जाडजूड लॅपटॉप. विकणारा म्हणाला होता, ‘हा बिझनेस लॅपटॉप आहे गुरुजी, साहेब लोकांचा. हा मरत नाही.’ दादांचा बिझनेस काय, तर शब्द गोळा करणं. प्राथमिक शाळेत मास्तरकी करताना आष्टी-परतूरच्या खेड्यापाड्यांत कानावर पडलेले शब्द त्यांनी चाळीस वर्षं वह्यांत टिपले होते. रिटायर झाल्यावर ते एका बोटानं लॅपटॉपमध्ये भरायला बसले. शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या गावात.

एक पान आत गेलं की ते वहीतून टरकन फाडायचे आणि मायला द्यायचे, चूल पेटवायला. मी एकदा म्हणालो, असू द्या की वह्या. ‘दोन जागी ठिवलं की दोन्हीकडं चुका व्हत्यात,’ म्हणाले. गुरुजींपुढं कोण बोलणार! कागदावर छापून घेऊ म्हटलं तर, पुरं झाल्याबिगर न्हाई.

त्या वर्षांत भारनियमनानं जीव नकोसा केला होता, पण या लॅपटॉपची बॅटरी लाईट गेल्यावरही दीड तास टिकायची. त्याला आम्ही बॅकअप म्हणायचो. गावात कुणी इन्व्हर्टर आणला, मोबाईल आणला, की पहिला प्रश्न तोच: बॅकअप किती? मी पंचायत समितीत कारकून. ऑफिसात कॉम्प्युटर होता, पण त्याला हात लावणारा ऑपरेटर वेगळा. त्यामुळं कॉम्प्युटरमधलं मला कळत होतं ते एवढंच, आणि मी ते फुशारकीनं सांगत फिरायचो. दीड तास!

मग एका पावसाळ्यात दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते, हां आणि न्हाई. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे शब्द रोज कानावर पडू द्या, वाचा हळूहळू परत येऊ शकते. ओळखीचे शब्द! ते तर हजारांनी घरात पडले होते. ऑफिसातून आलो की मी खाटेजवळ लॅपटॉप उघडायचो आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचायचो. दादा माझ्या ओठांकडं बघत राहायचे. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, ‘उलीसं.’ उलीसं म्हणजे थोडंसं. माय भाजी चिरता चिरता रडायला लागली. मग ‘बयजवार’ आला, म्हणजे नीट, धीरानं. दिवाळीपर्यंत दहा-बारा शब्द परत आले होते. माझा बाप मला शब्दाशब्दानं परत मिळत होता आणि त्यासाठी त्या यंत्राचे मी पायसुद्धा धरले असते.

दिवाळीनंतर ते यंत्र रुसलं. घरोघर कापूस येऊन पडला होता, सगळीकडं तंतू उडत होते. लॅपटॉप तापायचा आणि वाचता वाचता बंद पडायचा. मी त्याला दोन विटांवर ठेवला. लाईट असली तर समोर टेबलफॅन लावला. मायनं ओल्या फडक्यानं खालून पुसला, त्यावरून मी तिच्यावर खेकसलो. एका संध्याकाळी पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, आणि मग तो नुसताच चालू-बंद, चालू-बंद करत राहिला. जालन्याला मस्तगडात एक दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडं नेऊन टाकला. त्यानं माझ्यासमोर पंखा खोलला तर आतून दिव्याच्या वातीएवढा कापूस निघाला. ‘राहू द्या,’ म्हणाला, ‘फोन करतो.’

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

‘सर, मशीन चालू व्हऊन राह्यलं, पण सिस्टम बिघडली हाय. फॉरमॅट करावं लागंल. बॅकअप हाय ना?’

‘हाय की! बिलकुल चांगला हाय.’

‘मंग करू ना फॉरमॅट?’

आमच्या ऑफिसात फॉरमॅट म्हणजे जिल्ह्याहून येणारा माहितीचा नमुना. फॉरमॅट करा म्हणजे रकाने आखा, माहिती नीट भरा. मला वाटलं, दादांचे रकाने विस्कटले असतील, हा ते सरळ करून देतोय. वर माणूस किती काळजीचा, बॅटरीचीही चौकशी करतो.

‘करा,’ मी म्हणालो. ‘बराबर करा. आन् जल्दी करा, घरी वाट बघून राह्यलेत.’

दुकानात त्यानं चालू करून दाखवला तेव्हा मी खूश झालो. बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणला. दादांनी डाव्या हातानं उशी सरकवून घेतली, मी खाटेवर लॅपटॉप उघडला. पूर्वी कधी नव्हता इतका झटकन सुरू झाला. त्यांची फाईल होती ती जागा रिकामी होती. दादांचं बोट तिथं गेलं, थांबलं, पुन्हा गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन भांडलो. दुरुस्तीवाला शांतपणे म्हणाला, ‘सर, मी इचारलं व्हतं ना. तुम्हीच म्हणले, बॅकअप हाय.’ बॅकअप म्हणजे दुसरीकडं ठेवलेली नक्कल, आणि फॉरमॅट म्हणजे पुसून टाकणं, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. त्यानं नंतर बरीच खटपट केली. काही निघालं नाही.

घरी येऊन मी सांगितलं, ‘मशीनच गेल्तं, दादा. जुनं व्हतं.’

मग कोरी वही घेऊन बसलो. पस्तीस वर्षं त्यांचं बोलणं ऐकलेला मी, आणि तीन संध्याकाळी मिळून मला अकरा शब्द आठवले. ते मी अर्थांसह लिहून दादांपुढं धरले. त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं आणि चार अर्थ खोडले. ‘कासराभर दिवस’पुढं मी लिहिलं होतं, थोडा वेळ. कासरा म्हणजे बैलाचा दोर. सूर्य त्या दोराएवढा वर आला, असं ते आहे. लहानपणी त्यांनीच मला बांधावर उभं करून दाखवलं होतं.

खोडून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि माझा हात थोपटला. मशीनला कोण काय करणार, असं ते मलाच समजावत होते.

त्यानंतर नवा शब्द आला नाही. आलेलेही एकेक करून गेले, बयजवार सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात दादा गेले तेव्हा पुन्हा हां आणि न्हाई एवढंच उरलं होतं.

फोनवर मी काय बोललो होतो, हे त्यांना सांगायला मधले पाच महिने माझ्या हातात होते. रोज संध्याकाळी मी त्यांच्या खाटेजवळ बसत होतो. वाचा त्यांची गेली होती. माझी तर शाबूत होती.