विधी आयोगाला सांगितलेली गोष्ट

पुलगावच्या बाजारात ताराचंदचं किराणा दुकान आणि त्यामागे घर. दुकान चालायचं ताराचंदच्या नावावर आणि त्याच्या बहिणीच्या, मनकर्णाबाईच्या, जिवावर. नवऱ्याने आर्वीला दुसरी बायको करून आणली तेव्हा मनकर्णाबाई एक ट्रंक घेऊन माहेरी परतली होती. वडील होते तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. ते गेले शहाण्णवला, आणि तेरवीचं जेवण पचायच्या आत भावजय शकुंतलाबाई 'आमच्या घरात' म्हणायला लागली.

मनकर्णाबाईला फार काही नको होतं. गल्लीकडे दार असलेली मागची खोली आपल्या नावावर व्हावी, म्हणजे उद्या कुणी 'निघ' म्हटलं तर निघावं लागू नये. तेवढ्यासाठी ती वर्ध्याला वकील प्रभाकररावांकडे गेली.

"वडिलांच्या मागे तुमचा हिस्सा आहेच, बाई," ते म्हणाले. "पण राहत्या घराची वाटणी भाऊ करेल तेव्हाच. तुम्ही तिथं राहू शकता, वाटून मागू शकत नाही."

"म्हंजे माह्यं आहे, पन मले भेटत नाई?"

"तसंच समजा."

"असा कायदा केला तरी कोनं?"

प्रभाकरराव हसले. कायदा छप्पन सालचा, म्हणाले. पण दिल्लीत विधी आयोग आहे. जुने कायदे तपासायचे, लोकांना विचारायचं आणि काय बदलावं ते सरकारला सांगायचं, हे त्याचं काम. बदलणं त्याच्या हातात नाही, ते संसदेच्या मर्जीवर. सध्या बायकांच्या वारसाहक्कावर तो मतं मागवत होता, म्हणून वर्ध्यात बायकांची सभा ठेवली होती. बायका बोलतील ते प्रभाकरराव लिहून दिल्लीला पाठवणार होते.

दोन हजार सालच्या सुरुवातीची ती सभा. एकेक बाई उभी राहायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "आमाले काई नको. भावाचं भलं हो." हिस्सा मागणारी बहीण आपल्याकडे चेटकिणीच्या रांगेत बसते, त्यामुळे सगळ्याच बायका देवी झाल्या होत्या. ऐकून ऐकून मनकर्णाबाईचं डोकं फिरलं. ती उठली.

आणि तिथेच तिचा घात झाला. दुकानदारांच्या घरातलं माणूस लग्नाला जावो की मर्तिकाला, आधी दुकान सांगतं, मग स्वतःचं नाव. तिनेही सवयीने सांगितलं, "मी पुलगावच्या ताराचंद किरानावाल्याची बहीन." मग खोलीचं, भावजयीचं, सगळं सांगितलं. "मी भावाचं दुकान मांगून नाई राह्यली. मले मेल्यावर उचलून न्याले एक दार पायजे, जे माह्यं असन." बायकांनी टाळ्या वाजवल्या. नुकत्याच देवी झालेल्यांनीही वाजवल्या. कोपऱ्यात एक वार्ताहर बसला होता, त्याने दुकानासकट सगळं छापलं. दिल्लीच्या कानावर जायच्या आधी गोष्ट पुलगावच्या बाजारात पोहोचली.

ताराचंद भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो बहिणीशी बोलेनासा झाला, आणि भाऊबीजेची वाट पाहत राहिला.

त्या भाऊबीजेला मनकर्णाबाईने पाट मांडला, दिवा लावला. ओवाळणी झाल्याशिवाय त्या घरात कुणी जेवत नसे. ताराचंद गल्ल्यावर बसून राहिला. दुपार कलली. त्याची पोरं, हर्षित आणि आचल, भुकेने कोमेजली. दिव्यात दोनदा तेल घातलं गेलं. शकुंतलाबाई दाराशी येऊन म्हणाली, "भाऊ पाटावर बसत नाई म्हंजे तुमचं माहेर सरलं, वन्सं. आता पोरायले उपाशी ठेवता का?" चौदा वर्षांची आचल आत्याकडे टुकूटुकू पाहत होती. कॉलरा परवडला, पण उपाशी पोरं पाहून आत्याच्या पोटात उठणारी माया नको! मनकर्णाबाई दुकानात गेली आणि म्हणाली, "कुठं सही करू ते सांग. अन् येऊन बस."

ताराचंद आला, बसला, आवडीने बासुंदी प्याला. दिवाळीच्या सुटीनंतर नोंदणी कचेरी उघडली त्याच दिवशी, बहिणीने हिस्सा सोडला अशा हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. त्याने बहिणीला हिरवी साडी घेतली. बाजारात लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी.

आयोगाने आपलं काम चोख केलं. राहत्या घराची वाटणी अडवणारं कलम काढून टाका, असं सरकारला कळवलं. सरकारने पाच वर्षं विचार केला. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात नवा कायदा लागू झाला, तेव्हा प्रभाकरराव पेढे घेऊन पुलगावला आले. "बाई, तुम्ही मागितलं तसंच झालं! आता मुलगी राहत्या घराचीही वाटणी मागू शकते. वडिलार्जित मिळकतीत तर जन्मापासून मुलाच्या बरोबरीने हक्क."

"अन् जिनं सोडून देल्लं तिचं काय?"

हक्कसोडाचं त्यांना ठाऊक नव्हतं. नोंदलेला कागद फिरत नाही, म्हणत त्यांनी पुडा खाली ठेवला. पेढे शकुंतलाबाईने आत नेले.

पुढच्या वर्षी ताराचंदने दुकान हर्षितच्या नावे करायचं ठरवलं. दुकान वडिलार्जित, त्यामुळे नव्या कायद्याने आता आचलची सही लागणार होती. तिला यवतमाळला दिलेली, नवरा दारूवर गेलेला, दोनदा माहेरी राहून गेलेली. "तू समजाव तिले," ताराचंद बहिणीला म्हणाला. मनकर्णाबाई हो म्हणाली, आणि मनात ठरवलं की पोरीला एकांतात गाठायचं आणि सांगायचं, मर पण सही करू नको.

आचल आली त्या संध्याकाळी तिने तिला मागच्या खोलीत ओढलं, दार लावलं. "आचल, नवीन कायदा झाला आहे. तुह्या हिश्शाचा कागद..."

"केली ना सही, आत्या. येता येता कचेरीतच बाबा भेटले."

"काऊन केली व माय? म्या सभेत उभं राहून..."

"मालूम आहे मले." आचलने तिचा हात हातात घेतला. तिला आत्याचा मनापासून अभिमान होता, आणि तेच वाईट होतं. "दिल्लीवाल्यायले सांगनारी तू, तुनं बी भावासाठी सोडलंच ना? मी पाह्यलं होतं, आत्या. तवाच ठरवलं होतं, बहीन व्हावं त तुह्यासारखं."