खोसशीन का सोडशीन?

अड्याळच्या बाजारगल्लीत पुरुषांचे शर्ट शिवणारी मामी ही एकच बाई होती. गिऱ्हाईक आलं की ती कॉलरचं, खिशाचं काही विचारायची नाही. तिचा पहिला प्रश्न खालच्या घेराचा असायचा. "खोसशीन का सोडशीन?" शर्ट पँटीत खोचणार असलास तर घेर गोल, बाहेर सोडणार असलास तर सरळ. याचं उत्तर मिळाल्याशिवाय गळ्यातली टेप खाली उतरत नसे. नवखं माणूस गोंधळून म्हणे, "कसाही चालन, मामी." मग ती कापडाची घडी त्याच्याच हातात परत ठेवी. "घरी जाऊन इचार कर बापा. कापलेलं कापड मंग जुडत नाही."

तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. नवरा शिलाईकाम करायचा, तो गाव बुडायच्या थोडा आधीच वारला. गाव उठलं तेव्हा लोकांनी घराची कवाडं, चौकटी, छपराचे कवेलू बैलगाड्यांत भरून पुनर्वसनाच्या वसाहतीत नेले. मामीनं नवऱ्याची मशीन अड्याळला आणली. बाईमाणसाला माप द्यायला सुरुवातीला पुरुष लाजत. बायकाच नवऱ्याचा जुना शर्ट मापाला घेऊन येत. पण तिच्या हातचा शर्ट अंगावर चढला की पुढच्या वेळी तो नवरा स्वतः येऊन उभा राही.

घेराच्या बाबतीत ती कोणाचं ऐकायची आणि कोणाचं नाही, याला तिचा स्वतःचा हिशोब होता. दिवसभर वाकून धानाची रोवणी करणाऱ्याचा शर्ट ती पाठीमागून बोटभर लांब ठेवायची, कारण वाकला की कंबर उघडी पडते. एकदा एक नवरदेव गोल घेराचा शर्ट बाहेर सोडून घालीन म्हणाला. "बाजूनं पोट दिसन न तुह्यं," मामी म्हणाली आणि त्याला सरळ घेर, बाजूला छोटे काप असा शर्ट शिवून दिला. तो रुसला, पण लग्नात तोच घातला.

माझा थोरला भाऊ तिचा लाडका. दादा उंच, चालण्यात ऐट. त्याचे शर्ट कायम गोल घेराचे आणि पँटीत नीट खोचलेले. एका पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून ट्रॅक्टर उलटला आणि दादाची कंबर खाली सापडली. नागपूरच्या दवाखान्यातून तो जिवंत परत आला, पण पाय गेले ते गेलेच. ठरलेली सोयरीक मोडली. चाकाची खुर्ची घरात आली, पण माजघराच्या पुढे तिनं कधी पाऊल टाकलं नाही. अंगात बनियन, मांडीवर चादर. कोणी भेटायला आलं की दादा खुर्ची भिंतीकडे वळवून घ्यायचा.

पुढे माझं लग्न ठरलं. थोरल्याच्या आधी धाकट्याचं. दादानंच त्यासाठी आग्रह धरला होता, पण बजावलं, "मले मांडवात नका नेऊ." तरीही आईनं त्याच्यासाठी फिक्या निळ्या रंगाचं कापड घेतलं आणि मला सोबत घेऊन मामीकडे गेली.

"जुन्या मापानंच शिव बाई," आई म्हणाली.

मामीनं कापडावरून हात फिरवला. "ते माप उभ्या माणसाचं व्हय माय. आता ते कामाचं नाही."

आई तिथल्या बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. इतके महिने हे वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मामीनं तिला रडू दिलं. मग मशीनवर कापड झाकलं आणि आमच्यासोबत घरी आली.

तिला पाहताच दादानं खुर्ची वळवली. मामी खुर्ची आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन खाली जमिनीवर बसली. आता त्याला तिच्याकडे पाहणं भाग होतं.

"शर्ट शिवाचा आहे बाबू. खोसशीन का सोडशीन?"

"शिव कसाही. मले कोण पाहून राहिलं?"

"कोणी पाहो का नको पाहो. घालणारा तू आहेस."

"मामी, तू जाय."

मामी उठली नाही. "माहा मालक गेला, मंग गाव गेलं," ती म्हणाली. "सारे सोयरे जमा झाले. मशीन इकून टाक, पोरीपाशी राह्य, इथं राह्य, तिथं राह्य. सांगत सारेच होते बाबू, इचारलं कोणीच नाही. मी इचारून राहिली. सांग."

 दादानं मांडीवरची चादर बाजूला काढली. मी दारात उभा होतो. घरी आल्यापासून त्याला तसं करताना मी प्रथमच पाहत होतो.

"खोसता येत नाही मामी," तो हळू म्हणाला. "मागून वर चढते, पाठ उघडी पडते. समोर पोटावर गोळा होते. सोडलेलाच पायजे. पण चांगला दिसला पायजे."

"मंग तसं सांग न," मामी म्हणाली आणि टेप काढली.

तिनं बसलेल्या माणसाचं माप घेतलं. शर्ट आला तो पुढून आखूड, मागून लांब, घेर दोन्हीकडे सरळ. काप नेहमीपेक्षा उंच, म्हणजे मांडीपाशी ओढ बसू नये. मागची दुमड तिनं अगदी बारीक, चपटी ठेवली होती, बसून बसून कातडीला रुतू नये म्हणून. दादानं तो घातला, हातानं समोरचा घेर सारखा केला आणि आरसा मागितला. लग्नाच्या दिवशी तो पहिल्या रांगेत होता. माझ्यावर त्यानं अक्षता टाकल्या आणि वऱ्हाड जेवून उठेपर्यंत तो आत गेला नाही. नंतर तो ओसरीवर बसू लागला, मग बाजारात जाऊ लागला, आणि बाजारातून मामीच्या दुकानात. दोघं तिथं दुपारभर बोलत बसत.

मामीची नजर अधू झाली तेव्हा लेक तिला पुनर्वसनाच्या वसाहतीत घेऊन गेली. एका उन्हाळ्यात तिकडून मामी गेल्याचा फोन आला. मी दादाला विचारलं, "येतोस?" तो म्हणाला, "गाडी सांग."

वैनगंगेच्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवली. खांदे बदलायची वेळ झाली तेव्हा दादानं आपली खुर्ची स्वतःच पुढे घेतली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मामीच्या जावयानं दादाकडे पाहिलं आणि पुढच्या खांदेकऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं. "खालूनच उचला," तो म्हणाला.

उरलेल्या तिघांनी तिरडी खांद्यावर न घेता, वाकून हातांवर कमरेइतकीच वर धरली. बांबू दादाच्या खांद्यावर टेकला. मी मागून खुर्ची ढकलत होतो. वाट खडबडीत होती, ऊन डोक्यावर आलं होतं. नदीच्या उतारापर्यंत त्या तिघांपैकी एकानंही पाठ सरळ केली नाही.