थांबण्याची एक ओळ

दि. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सपनाच्या पगारातून रुपये १,४४० कापले गेले. शिरपूरच्या एका यात्री निवासासाठी चार कुटुंबांनी प्रत्येकी ३६० रुपये आगाऊ भरले होते, पण खोल्यांची नोंदच झाली नव्हती. नोंदीचा कोड सपनाचा, म्हणून भरपाईही तिचीच, असा वाशीमच्या तीन टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसचे मालक हरीओमभाऊ यांचा निवाडा. समोरच्या टेबलावरचा संघदीप मूग गिळून बसला.

एरवी तो चोख माणूस. आईला मंगरूळपीरच्या एस.टी.त बसवून दिलं, तरी गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हलायचा नाही. कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या ऑफिसातल्या चाचण्या त्याच्याकडे. खोलीची नोंद हे मागच्या मागे सावकाश चालणारं काम, चाचणी मात्र एका दमात संपणारी. म्हणून त्याने एक मदतनीस फंक्शन लिहिलं होतं. ते नोंद सुरू करी, ती पुरी होईपर्यंत थांबे, मगच चाचणीला पुढे जाऊ देई. त्या थांबण्यापायी सगळ्या चाचण्यांना अकरा मिनिटं लागत. दिवाळीआधी एकदा त्याला चारची गाडी गाठायची होती. त्याने थांबण्याची ओळ काढली. वीस सेकंदांत सगळं हिरवं, म्हणजे पास; नोंद सुरू झाली एवढंच आता चाचणी बघत होती. ओळ परत घालायची राहूनच गेली.

दिवाळीनंतर सपनाने कोड बदलला, हिरवा निकाल पाहिला आणि विश्वासाने पुढे दिला.

पगार कापल्याला तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर संघदीपने सपनाला सांगून टाकलं.

"चूक तुह्या कोडात होती सपना, पण माह्या चाचणीनं ती पकडाले पायजे होती. मी थांबायची ओळच काढून टाकली होती."

"म्हंजे डबा गिरणीवर ठेवला अन् घरी सांगतलं, पीठ आलं?"

"हो."

"अन् भाऊ मले बोलून राह्यले होते तवा काहून नाही बोलला? तोंडात खर्रा होता काय?"

"भेलो होतो."

"मले सांगून काय होते? वर जा, भाऊले सांग."

तो गेला. हरीओमभाऊंनी मान वर न करता ऐकलं. "पैसे तू दे तिले. अन् पयले ओळ घाल."

ओळ घातली. चौथ्या मिनिटाला सपनाच्या नोंदीची चाचणी लाल झाली. संघदीपने खिशातले हजार रुपये तिच्या टेबलावर ठेवले.

संघदीपकडून सपनाचे चारशे चाळीस रुपये येणे बाकी आहेत.