सहमच्या तोफखान्याचा नेम

गोडाऊनमधला माल विकला की जागा मोकळी होते. किस्स्यांचं उलटं आहे. एक सांगायला घ्यावा तर ऐकणारा त्याचे दोन परत करतो, आणि साठा वाढतच जातो. आमच्या शुक्रवारच्या तोफखान्याचा साठा आता एवढा झालाय की थोडा बाहेर काढल्याशिवाय आत पाय ठेवता येणार नाही.

ओमानमधल्या सहमला माझं किराणा आणि खजुराचं दुकान आहे. मागे एक लांबट खोली आहे. तिथे शुक्रवारी, इकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारनंतर आम्ही जमतो. मुसाभाई रत्नागिरीचे, बाजारात त्यांचं लेथचं वर्कशॉप. नेने साहेब मस्कतमध्ये अल् घुब्र्याला फ्लॅटमध्ये राहणारे, नोकरी सर्व्हेची, पण शुक्रवारी न चुकता गाडी काढून इतक्या लांब येणारे. आणि तिसरा मी.

तोफ म्हणजे वीतभर लांबीची, चार चाकांची, पितळेची. मुसाभाईंनी स्वतः कातलेली. आत स्प्रिंग, आणि गोळी म्हणून बेअरिंगमधला छर्रा. बारूदबिरूद काही नाही, हे मी पोलीस आणि बायको दोघांनाही पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं. समोरच्या भिंतीशी बशीएवढी पत्र्याची थाळी टांगलेली. तिला गोळी लागली की टण् वाजते.

पहिल्या दिवशी वाजली ती बादली. थाळीपासून चांगली हातभर लांब ठेवलेली. नेने साहेबांनी टेप लावून सगळं मोजलं, विचार केला आणि म्हणाले, "तोफेत दोष नाही. थाळी चुकीच्या जागी टांगली आहे."

* * *

खोलीचे मालक अर्बाब सालेम. अर्बाब म्हणजे इकडे शेठ. वय झालेलं, पण ताठ माणूस. हिंदी आमच्या तिघांपेक्षा बरी बोलतात. एक दिवस ते आले, बादलीचे पोचे पाहिले, थाळीची न बिघडलेली चकाकी पाहिली आणि म्हणाले, पुतण्याला कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, दुकान टाकायचंय, ही खोली त्याला देतो.

मुसाभाईंचा चेहरा उतरला. घरची सगळी माणसं तिकडे रत्नागिरीला, इथे आठवडाभर लेथची घरघर. शुक्रवारची ही खोली म्हणजे त्यांचं अंगण होतं. मी अर्बाबना सांगितलं, आमची मस्कतकडच्या बौशरच्या मंडळींशी मॅच ठरलीय, निदान तोवर थांबा.

बौशरवाले म्हणजे ऑफिसातले लोक, त्यांचीही अशीच एक तोफ, आमच्याहून झकपक. अर्बाबनी थाळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मॅच जिंकलात तर खोली तुमची. हरलात तर पुतण्याची. खलास."

इतक्या आरामात दिलेला शब्द मी धंद्यात कधी पाहिला नाही. आमच्या हरण्याची खात्री त्यांना आमच्याइतकीच होती.

* * *

मग सराव जोरात सुरू झाला. नळीत गोळी घासते, असं निदान झालं. आम्ही कोकणातले, घासणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आमच्याकडे एकच उपाय, खोबरेल. मुसाभाईंनी स्वतःच्या डोक्याची बाटली आणून नळीत सोडली. गोळी अशी सुळकन् सुटायला लागली की त्याच दुपारी थाळी दोनदा वाजली.

आनंदाच्या भरात मी खोलीचा बंद पडलेला एसी दुरुस्त करून घेतला. खेळाडूंची सोय.

पुढच्या शुक्रवारी गोळी तोफेच्या तोंडाशी आली, जरा रेंगाळली आणि टेबलावर उतरली. नेने साहेबांनी स्प्रिंग उघडली, ताणून पाहिली, नवी घातली. तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. शेवटी मुसाभाई वैतागून डोक्याला तेल लावायला गेले तर बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. आत पांढरंशुभ्र गोठलेलं.

थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची हे तिघांच्याही घरात लहानपणापासून चालत आलेलं, आणि तिघांपैकी एकालाही सुचलं नाही! मुसाभाईंनी बाटली आणि तोफ दोन्ही उचलून दाराबाहेर उन्हात मांडली. शेजारच्या दुकानातल्या पोराने विचारलं, तोफ बाहेर का? मुसाभाई शांतपणे म्हणाले, "तिला थंडी वाजली."

* * *

तोवर भांडणाचं मूळ म्हणजे चुकलेली गोळी नेमकी लागली कुठे. मुसाभाई म्हणायचे वर, नेने साहेब म्हणायचे उजवीकडे. भिंतीवर खूण काही उठायची नाही.

खंडेनवमीला मी दुकानातल्या काट्याची, सुऱ्यांची पूजा केली. मुसाभाई बाजूला उभे होते. म्हणाले, "शेठ, तोफेलाही लावा की, ती काय परकी?" लावलं. थोडं कुंकू तोंडातून आत सांडलं. संध्याकाळी गोळी मारली तर पांढऱ्या भिंतीवर लालभडक टिकली! वरही नाही, उजवीकडेही नाही. खाली डावीकडे.

तेव्हापासून प्रत्येक गोळीला कुंकू. भिंत पाहायची आणि तोंड फिरवायचं, थाळी वाजण्याचं प्रमाण चांगलं वाढलं. कुंकू संपलं तेव्हा मुसाभाई बौशरला गेले होते, तिथेच एका आपल्या माणसाच्या दुकानात मागितलं. त्याने दाढीकडे पाहून अदबीने विचारलं, घरी काही कार्य आहे का?

मुसाभाई म्हणाले, "कार्य नाही. नेम खाली जातोय."

* * *

एकदा साहेबांबरोबर सहमला आलेल्या नेने वहिनी त्यांना न्यायला खोलीवर आल्या. मस्कतला परत जायचं होतं, आणि साहेब "एकदा थाळी वाजली की निघू" म्हणत तास काढत होते. वहिनींनी त्यांना खांद्याने बाजूला केलं, खटका ओढला. टण्.

आम्ही तिघं उठून उभे राहिलो. मुसाभाईंनी विचारलं, वहिनी, नेम कसा धरलात?

"नेम कुठला धरते? आता उठताय ना?"

* * *

मॅचच्या आठवड्यात शेवटचा दोष उरला होता. खटका ओढला की तोफ उडी मारायची. रबर झालं, वाळूची पिशवी झाली. शेवटी मुसाभाईंनी दुकानातून मऊ खजुराचा ट्रे उचलला आणि तोफेची चाकं त्यात दाबून बसवली. तोफ हलेना. गोळ्या एकामागून एक थाळीवर.

मॅचला अर्बाब प्रमुख पाहुणे. तोफेशेजारची खुर्ची त्यांना दिली. दोन्हीकडचे गुण बरोबरीत आले, शेवटची गोळी आमची. तेवढ्यात कहवा आला. मी खजूर आणायला पुढे दुकानात गेलो, तोवर अर्बाबचा हात सहज जवळच्या ट्रेमध्ये गेलेला. तोफेच्या मागच्या चाकाखालचे दोन त्यांनी खाल्लेसुद्धा. मी दुसरा ट्रे पुढे केला. त्यांनी त्यातला एक चाखला, म्हणाले, "हे कडक आहेत," आणि पुन्हा तिथेच हात.

तोफेचं बूड बसलं, तोंड छताकडे.

नेने साहेब कुजबुजले, "सांगा ना त्यांना."

मुसाभाई म्हणाले, "पाहुण्याला खाऊ नको म्हणू? तुम्ही सांगा."

कोणी सांगेना. मुसाभाई तोफेमागे वाकून एक डोळा मिटून बसले होते, कपाळावर घाम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला हवा तो माल सोडून माझा माल घ्यायला लावत आलोय. मी वाकलो आणि म्हणालो, "अर्बाब, पुढच्या बाजूचे जास्त गोड आहेत."

त्यांनी पुढच्या चाकाखालचा एक घेतला. तोंड जरा खाली आलं. मुसाभाईंनी डोळा न उघडता बोट वर केलं. मी म्हणालो, अजून एक घ्या. घेतला. पुन्हा बोट. आणखी एक. बौशरवाले आमचं आदरातिथ्य कौतुकाने पाहत होते. मग मुसाभाईंचा पंजा आडवा झाला.

टण्.

मुसाभाईंनी नेने साहेबांना मिठी मारली, नेने साहेबांनी मला. अर्बाब सावकाश उठले, बोटं पुसली, थाळीपाशी जाऊन तिच्या पार उजव्या कडेला उमटलेली कुंकवाची टिकली निरखून पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "डावीकडचा एक अजून खायला लावाल."