चुकणारा मास्तर

परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी मेळघाटातल्या एका शाळेवरचा तरुण मास्तर बसला होता. खिडकीबाहेर बोट दाखवून तो समोरच्या कोरकू म्हातारीला एकेका गोष्टीचं तिच्या भाषेतलं नाव विचारायचा आणि लगेच म्हणून बघायचा. त्याचा उच्चार ऐकून म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची.

मला राहवलं नाही. "सर, हसून राहिली ना ते तुम्हाला."

"हसू द्या. पहिल्या वर्षी माह्या वर्गात कोणी तोंडच उघडत नोतं. आता मी कोरकूत चुकतो, पोट्टे हसतात. मंग तेही मराठीत चुकाले भेत नाहीत."

घाटात त्यानं डोंगराकडे बोट दाखवलं. या वेळी मीही तो शब्द म्हणून पाहिला. म्हातारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मास्तरानं टाळीसाठी माझ्यापुढे हात केला.