तिच्या लॅपटॉपला वायफाय का लागत नव्हतं

त्या दिवशी अकरा वाजता मुलीचा इंटरव्ह्यू होता. पुण्याची कंपनी, पण घरूनच द्यायचा, लॅपटॉपवरच; फोनवर चालणार नव्हता. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन ती वर्षभर आमच्या गावी, रिठदला घरी होती. सव्वादहाला तिने आतून हाक मारली, लॅपटॉप वायफाय पकडत नाही म्हणून.

एरवी तिला वायफायची गरज पडली नसती. तीन महिने ती लॅपटॉप मोबाईलच्या नेटवरच चालवत होती. पण त्या सकाळी लाईट गेली, आणि लाईट गेली की थोड्या वेळाने गावातला टॉवरही बंद पडतो. राऊटर तेवढं इन्व्हर्टरवर चालू होतं. माझ्या फोनला वायफाय लागत होतं, तिच्याही. फक्त लॅपटॉपला नाही.

मी राऊटर बंद करून चालू केलं. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला, सेटिंगमधून वायफायचं नाव पुसलं, पासवर्ड नव्याने टाकला. चक्र फिरायचं आणि थांबायचं. तिची आई स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी विचारत होती, झालं का. मी वाकून वायरी दाबत होतो. ते सगळं नाटक होतं. लॅपटॉपला वायफाय का लागत नाही, हे मला पहिल्या मिनिटालाच ठाऊक होतं.

श्रावणात ती रोज संध्याकाळी कॉलेजच्या मित्रमैत्रिणींशी लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉलवर बोलत बसायची. त्यात मुलंही असायची. एकदा माझे मोठे भाऊ ओसरीवर बसले होते. आतून हसण्याचा आवाज आला तसं त्यांनी मला विचारलं, पोरगी एवढी कोणाशी बोलते. तेवढंच. मी दोन दिवस ते डोक्यात घेऊन फिरलो. मुलीशी सरळ बोलायची मला हिंमत झाली नाही. रिसोडचा नेटवाला दुरुस्तीला आला, तेव्हा शेजारचे फुकटात वायफाय वापरतात असं खोटं सांगून, एखाद्याचं कनेक्शन राऊटरमधून कसं बंद करायचं ते त्याच्याकडून शिकून घेतलं. तो गेल्यावर मुलीचा लॅपटॉप बंद केला. फोन चालू ठेवला, संशय येऊ नये म्हणून. लॅपटॉपच बिघडला असं तिला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं.

आता ते उघडायचं तर राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायला वेगळा पासवर्ड लागतो. तो राऊटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेला. मुलगी लॅपटॉपशी झटत असताना मी राऊटर हळूच उलटं करून पाहिलं. दसऱ्याला आम्ही फवारणीचा पंप, विळे, नट आवळायचे पाने, सगळं पुसून पूजेला पाटावर मांडतो. या वर्षी त्यात राऊटरही ठेवलं होतं. समोरचे दिवे झाकायला नकोत म्हणून मी ओल्या हळदीकुंकवाची बोटं त्याच्या पाठीवर ओढली होती, नेमकी त्या कागदावरून. पहिली तीन अक्षरं वाचता येत होती. पुढे नुसता लाल डाग. बाहेर ओसरीत जाऊन मी फोनवरून अंदाजाने चार वेळा पासवर्ड टाकला. पाचव्यांदा राऊटरने मलाच बाहेर काढलं.

दहा चाळीस झाले होते. मुलीने वायफायवरूनच नेटवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. त्याने आपल्याकडून लाईन तपासली, सगळं ठीक होतं. मग त्याने विचारलं, घरी कोणी सेटिंगमध्ये हात घातला का.

"आमच्या घरी कोणाले येते दादा ते?" ती म्हणाली. "बाबाले तर टीव्हीवर बातम्याबी लावता येत नाहीत."

नेटवाला म्हणाला, मग मला यावं लागेल, तासभर तरी जाईल. मुलीने घड्याळाकडे पाहिलं. ओढणीच्या टोकाने हाताचे तळवे पुसले.

"मी केली," मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. "सेटिंग मी केली. हिचा लॅपटॉप मीच बंद केला."

फोनमधून नेटवाला हसला. "शेजारी सोडून घरचंच गिऱ्हाईक बंद केलं काय काका तुमी?"

आमच्याकडे कोणी हसलं नाही. तिची आई दारात येऊन उभी राहिली होती. काय शोधायचं ते कळल्यावर नेटवाल्याने आपल्या ऑफिसातूनच आमचं राऊटर उघडलं. बंद केलेल्या यादीत एकच लॅपटॉप होता. खात्रीसाठी त्याने तिला लॅपटॉपचा नंबर वाचायला सांगितला. माझ्याकडे न बघता तिने एकेक अक्षर, एकेक आकडा सांगितला. आवाज हलला नाही. अकरा वाजून चार मिनिटांनी समोरच्या लोकांचे चेहरे दिसले. उशिराबद्दल माफी मागत तिने हाताने दार लोटून घेतलं.

पाऊण तासाने बाहेर आली. आईने चहा दिला. कप हातात धरून ती म्हणाली, "दसऱ्याच्या आधी एक इंटरव्ह्यू झाला होता, बाबा. मोबाईलच्या नेटवर. मधातच अडकला. मंग त्यायनं फोनच नाही केला." कप खाली ठेवला. "तुमाले वाईट वाटन म्हणून सांगतलं नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. भावाचं बोलणं, माझी भीती, शेजाऱ्यांवर घातलेला आळ. तिने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मले इचारलं असतं तर सांगतलं असतं मी."

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी होती. त्या दिवशी लाईट होती, वायफाय जोरात चालत होतं. तरी तिने लॅपटॉप पिशवीत भरला आणि वाशिमला मैत्रिणीच्या घरून इंटरव्ह्यू देते म्हणाली. आपल्याकडे आता नेट चांगलं आहे, असं मी म्हणून पाहिलं.

"माहीत हाये," ती म्हणाली.

मी गाडी काढली. ती मागे बसली. मैत्रिणीच्या घराबाहेर गाडीवरच दीड तास बसून राहिलो. मैत्रिणीच्या आईने दोनदा आत बोलावलं, गेलो नाही.

चार दिवसांनी निवड झाली. तिने ते आईला सांगितलं. मला आईकडून कळलं.